उडालेल्या पत्र्यांची उपकारस्तुती

बसा मंडळी. मागच्यांनी थोडं पुढं सरका. पुढं बसणाऱ्याकडून देव जास्त मागतो, असं शास्त्रात कुठंही नाही.

आज एक प्रश्न आणलाय. उत्तर कोणाकडं तयार असेल तर सांगा, आख्यान इथंच थांबवू आणि चहा घेऊ. वादळ आलं. शेजाऱ्याचं घर गेलं, तुमचं राहिलं. तुम्ही देवाचे आभार मानता. मानावेतच. पण ते आभार शेजाऱ्याच्या कानावर पडले, तर त्यानं काय म्हणावं — आमेन?

बघा, पेटीवाले मास्तरसुद्धा थबकले. धरा मास्तर, सूर धरा.

*गेले ते तर गेले देवा, राहिले ते कोणासाठी?*

तर ऐका. गोदावरीच्या अलीकडं एक गाव, गावात ख्रिस्ती वस्ती, आणि वस्तीच्या टोकाला सलोमीबाई पाटोळे. विधवा बाई. मिशनच्या बोर्डिंगात उभा जन्म भाकऱ्या थापल्या. निवृत्त झाल्यावर घरावरचं गवत काढलं आणि नवे पत्रे घातले. आता आपल्यात रीत काय? नवं काही झालं की उपकारस्तुती. चर्चचे पाळकसाहेब येतात, भक्ती होते, चार माणसं उठून आभार मानतात, आणि मग जेवण. काही जण फक्त ‘आणि मग’साठी येतात. मी नावं घेत नाही.

पाळकसाहेबांनी ख्रिस्तमंदिरात जाहीर केलं, “येत्या रविवारी सलोमीबाईंच्या घरी नवीन छपराबद्दल उपकारस्तुती. सर्वांनी यावे.”

शुक्रवारी दुपारी वळवाचं वादळ आलं आणि छप्पर घेऊन गेलं.

हसू नका. हसा, पण हळू. पत्रे उडाले ते थेट नदीकाठच्या बाभळीत. सलोमीबाई चुलीपाशी होत्या. वर बघतात तर आभाळ. इतकं मोकळं आभाळ त्यांनी घरात बसून कधी बघितलं नव्हतं.

शनिवारी पाळकसाहेब आले. “सलोमीबाई, भक्ती पुढं ढकलू या.”

“जाहीर झालीय ना, साहेब? देवाला बोलावलं आणि आता येऊ नको म्हणू? भक्ती होईल. फक्त मला सांगा, आभार कशाचे मानू?”

“जीव वाचला, त्याचे माना.”

“ते रोज सकाळी मानते. त्यासाठी वस्तीला जेवायला नाही बोलवत.”

“भिंती राहिल्या.”

“भिंतींना उन्हापावसात घर म्हणून दाखवा बरं.”

पाळकसाहेबांनी शेवटचं ठेवणीतलं काढलं. “यातही देवाची काही योजना असेल.”

“असेल की. पण मला अजून सांगितलेली नाही. न सांगितलेल्या गोष्टीचे आभार मानले तर ती खुशामत झाली, साहेब. मला त्याच्याशी खोटं बोलायचं नाही. एवढी वर्षं नाही बोलले.”

मंडळी, इथं बाईचा जीव अडकला होता. पत्र्यांचं दुःख होतंच. पण उद्या वस्तीसमोर उभं राहायचं, आणि तोंडात खरा शब्द नाही. देवावर राग नव्हता. कुतूहल होतं. त्या दिवसभर घरात फिरत राहिल्या. डबे उघडून बघितले, खाटेखाली वाकून बघितलं. आभाराला काही सापडतंय का? भिजलेली ज्वारी सापडली.

रविवार उजाडला. आता पंचाईत लोकांची. उपकारस्तुतीला जाताना आपण भेटवस्तू नेतो, दुःखाच्या घरी पिठलं-भाकरी. हे घर कोणतं? अर्ध्यांनी स्टीलची पातेली आणली, अर्ध्यांनी पिठलं. एकानं पातेल्यातच पिठलं आणलं. माणूस शहाणा, दोन्हीकडून सुटला.

चार भिंतींच्या आत, डोक्यावर ऊन घेऊन, सगळे चटईवर बसले. प्रार्थना झाली. पाळकसाहेब म्हणाले, “कोणाला आभार मानायचे आहेत?”

पहिला कोण उठला? शेजारचा दाऊद ओहोळ. भला माणूस, फक्त बोलायच्या आधी विचार करायची सवय नाही. हात जोडून म्हणतो, “प्रभू, तू वादळ आमच्या घरावरून नेलंस, पण आमच्या पत्र्याचा खिळासुद्धा हलू दिला नाहीस. तुझे उपकार किती मानू?”

सगळे म्हणाले, “आमेन.”

आणि मग सगळ्यांना कळलं, आपण कुठं बसून आमेन म्हटलं. दाऊदची बायको रिबका पदराआडून म्हणाली, “बसा खाली. मेली अक्कल.”

सलोमीबाई उठल्या. काय म्हणेल बाई? रडेल? शिव्या देईल? तुम्ही काय केलं असतं, सांगा.

बाई म्हणाल्या, “दाऊदभाऊ, बसू नका. कालपासून मी आभाराला जागा शोधत होते, ती तुम्ही दाखवली. प्रभू, तू दाऊदभाऊंचं छप्पर राखलंस, त्याबद्दल मी मनापासून तुझे आभार मानते.” मग दाऊदकडं वळल्या. “कारण आज संध्याकाळपासून मी तिथंच राहायला जाणार आहे.”

कोणी हसलं नाही. दाऊद उभाच.

“आणखी कोणाचं राहिलंय?” सलोमीबाईंनी नजर फिरवली. “सांगा की, लाजू नका. माझी ज्वारीसुद्धा कोणाच्या तरी पत्र्यावर वाळवायचीय.”

मंडळी, काय चमत्कार! क्षणात अख्ख्या वस्तीकडं आभार मानण्यासारखं काहीच उरलं नाही. वर आलेले हात खाली गेले. एक जण तर म्हणाला, “आमचं तसं गळतंच.”

दाऊद अजून उभा. घाम पुसतोय. शेवटी म्हणाला, “आक्का, खोली एकच आहे हो.”

“मग आभार एकट्यानं मानलेत ते परत घ्या,” रिबका म्हणाली, आणि उठली. तिनं कोणाला विचारलं नाही. सलोमीबाईंची वळकटी उचलली, काखेत मारली आणि दाराबाहेर पडताना म्हणाली, “आक्का, मी खाट खिडकीपाशी टाकते. ह्यांना बाहेर ओसरीवर बरं वाटतं.”

तेव्हा पाळकसाहेब म्हणाले, “आमेन.” या वेळी सलोमीबाईंनीही म्हटलं.

संपलं आख्यान. आता तुमचं बघू. गेल्या वर्षी पूर तुमच्या दारावरून गेला, ताप शेजारच्या घरात शिरला आणि तुमच्या घरात आला नाही. रविवारी उठून तुम्ही आभार मानलेत. मी ऐकलेत, आवाज चांगला होता. आज घरी गेल्यावर एकच करा. आपल्या छपराखाली उभं राहा आणि अजून एक खाट कुठं मावेल ते बघा. मावली, तर प्रार्थनेला बसा. नाही मावली, तर प्रार्थना थोडी हळू आवाजात करा. शेजारी ऐकत असतात.