पेवातली ओ

माझं माहेर बीडजवळचं, सासर नेकनूरकडचं, आमी बौद्धवाड्यातली माणसं. लग्न होऊन आले तवा गाव आन आमचा वाडा यांच्या मधोमध एक मोठी फरशी होती, तिच्यावर कुणी बसत न्हवतं, शेळीसुद्धा वळसा घालून जायची. खाली पेव, म्हंजे ज्वारी साठवायचं जमिनीतलं कोठार. माझा सासरा त्यातच गेला, मी यायच्या आधी. पेव उघडलं की आधी आत दिवा सोडायचा, विझला तर खालची हवा वाईट, कुणी उतरायचं न्हाई, हे समद्यांना ठाऊक. पण त्या दिवशी गावातल्या मोठ्या घरचे अण्णा म्हनले, दिवा कशाला बे, उतर. सासरा उतरला, वरनं हाक मारली तर एकदा ओ दिली, मग न्हाई दिली. दोरानं वर काढला तवा जीव न्हवता. फरशी टाकली आन गावाचं आमचं बोलणंच तुटलं.

मग ते दुकानाचे दिवस आले. बी पाकिटातलं, रेशनला गहू, ज्वारी दिसंना. आमच्या बायांनी दगडी ज्वारीचं बी जपलेलं. मी म्हनलं, दोन्हीकडं पेरू, एकाच पेवात ठेवू, खायला दुकानाचं तोंड कशाला बघायचं? गावातल्या बाया लगेच आल्या. गडी म्हनले, पेवात म्हातारा हाय. म्हनलं असंल, माझाच सासरा हाय, पण ह्या खेपेला पहिले अण्णा उतरतील.

पेवाच्या उद्घाटनाला सरकारी साहेब आले, हार झाले, आपलं अन्न आपल्या हाती म्हणून भाषण लई लांबलं. फरशी सरकवली, दिवा सोडला, विझला. परत सोडला, परत विझला. साहेबांना एकाएकी बीडची मीटिंग आठवली.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात अण्णा काठी टेकत आले, सारं गाव बघत होतं. पेवाच्या तोंडाशी वाकले आन म्हनले, तात्या, दिवा मीच सोडू दिला न्हाई. जित्यापणी बे, आता तात्या. काय सांगू तुम्हाला, खालून ओ आली.

मग मी दिवा सोडला, तो सरळ जळत राहिला. अण्णा उतरले, सडकं धान्य त्यांनीच वर दिलं. मी समद्यांना सांगत होते, बाबांनो, पेव कालपासून उघडंय, वाईट हवा निघून गेली असंल, आन आवाज म्हंजे अण्णांचाच घुमला. पण अण्णांनी ओ म्हनलंच न्हवतं.

आता अण्णाबी न्हाईत. पेव दोन्हीकडच्या ज्वारीनं भरतं, रिकामंबी होतं, चांगलं चाललंय. उतरायच्या आधी दिवा सोडतो, आन मी हाक मारते, मामा, येऊ का? पोरी हसतात मला. पण ओ आल्याबिगर एकबी पाय आत टाकत न्हाई.

बसा, भाकर खाऊन जा. त्याच पेवातली हाय.