गुडघ्यावरचा माणूस

लंडनच्या चित्रप्रदर्शनात एका चित्रासमोर रांग लागली होती. चित्रात गुडघे टेकलेला गुलाम हात जोडत होता. रांगेत माझ्या पुढे कॅटो नावाचा काळा खलाशी आणि त्याची बायको टॅबिथा.

“अगबाई, हा तू? इतका रोडका?”

“मी गुबगुबीत निघालो म्हणून चित्रकार हिरमुसला. बरगड्या त्याने पदरच्या घातल्या.”

“आणि ही साखळी?”

“त्याच्या कुत्र्याची. दुपारी कुत्र्याला परत लागायची, म्हणून मला सकाळीच बोलवायचा.”

“मधोमध हा गोरा देवमाणूस कोण?”

“चित्र काढून घेणारे साहेब. मला सोडवतायत.”

“तू तर जमैकाच्या उसाच्या मळ्यातून स्वतः पळून आलास ना, जहाजावरच्या पिंपात बसून?”

“सांगितलं की त्याला. म्हणाला, मग साहेबांना कुठे उभं करू?”

“आणि खांद्यावरची तुझी खरी डागणी, मळेवाल्याने दिलेली? ती दिसत नाही कुठे.”

“गाळली. बायामाणसांना बघवणार नाही म्हणे.”

“उभं तरी राहायचंस मेल्या!”

“राहिलो होतो. म्हणाला, उभ्या माणसाची कीव येत नाही.”

एवढ्यात मागून दोन बायका रुमाल काढूनच पुढे घुसल्या.

“आम्ही तर या गुलामांसाठी चहातली साखरसुद्धा सोडली हो, त्यांच्याच घामाची ना ती! ए, जरा सरक बाजूला. त्या बिचाऱ्याचं तोंड दिसू दे.”

कॅटो सरकला.

“बघा बाईसाहेब, सावकाश बघा. तो काही उठून जात नाही.”