गजर व्हायच्या आधी

बारावीला मी कुठला क्लास लावला होता, असं विचारताय ना? ऐका तर.

पोलादपूरच्या वर डोंगरात आमची वाडी. दिवसभर मी म्हशींमागे. पुस्तक उघडलं की म्हशी पसार, म्हणून इतिहासाचे धडे माझ्याच आवाजात मोबाइलवर रेकॉर्ड केले. पंचवीस मिनिटं इयरफोन लावून ऐकायचं, गजर झाला की पाच मिनिटं सुट्टी. ऐकताना डोळे मिटायची सवय, म्हणून म्हशी बघायच्या त्या सुट्टीतच.

तिसऱ्याच दिवशी शेजारचे धोंडूकाका काठी घेऊन हजर. "गो, तुझी म्हैस माझ्या नाचणीत हाय!"

"काका, अजून गजर नाय झाला," मी बोलून गेले.

"ते म्हशीला ठावं हाय काय?"

मला रडूच फुटलं. "यंदा नापास झाले तर शाळा बंद, काका."

काका म्हैस हाकायला गेले.

दुसऱ्या दिवशी बघते तर काका बांधावर बसलेले. "तू ऐक. म्हशींकडं मी बघतो."

गजर झाला. मी उठले, तर त्यांनी काठी आडवी धरली.

"कुठं चाललीस? बस, आणि काय ऐकलंस ते सांग. पंचवीस मिनिटं म्हशी काय उगाच राखल्या मी?"