दिवस सत्तेचाळिसावा, डावा अंगठा

नाही, तुम्हीच सांगा, एका भिंतीबद्दल माणसाने एकशे बारा दिवस लिहायचं तरी काय? भिंत ती भिंत. आज एवढी, उद्या तेवढी, परवा आणखी वीतभर... आणि तीही बांधून झालेली, रंग वाळलेला, गवंडी दुसऱ्या कामावर गेलेले, मग सासऱ्यांना आठवलं की सरकारी काम म्हटलं की रोजनिशी लागते! रोज माणसं किती आली, विटा किती लागल्या, हवा कशी होती, विशेष काय घडलं, सगळं त्या त्या दिवशी लिहिलेलं. ती जोडली नाही तर काम पूर्ण झाल्याचा दाखला नाही, आणि महिनाअखेरपर्यंत दाखला नाही तर सासऱ्यांची सव्वीस वर्षांची ठेकेदारीची नोंदणी रद्द. आणि रोजनिशी? कोरी करकरीत. दुकानातली चिठ्ठीसुद्धा वर तशीच चिकटलेली.

मग घरात सगळ्यांनी वळून कुणाकडे पाहिलं असेल?

तुम्हाला सांगते, मला ह्या घरात येऊन दीड महिना झाला होता, आणि त्यात मी मोजून चार वाक्यं बोलले असेन, त्यातली तीन ‘चहा ठेवू का’ अशी. शांत सून म्हणून माझं कौतुक चाललेलं. पण लग्न ठरवताना माझ्या मावशीने कुठेतरी सोडून दिलं होतं की मुलीचं अक्षर मोत्यासारखं आहे. ते आता बाहेर आलं. “लिहून टाक गं सूनबाई,” सासरे म्हणाले, “कोण वाचतंय?” सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, खरंच, कोण वाचतंय. आमच्या ह्यांना विचारलं की अहो, मी ती भिंत पाहिलेलीही नाही, सरकारी दवाखान्याच्या मागे आहे एवढंच ऐकलंय, तर ते म्हणाले, भिंतीत बघण्यासारखं काय असतं, आणि कोण वाचतंय?

झालं. जेवणं आटोपली की दुपारी मी बसायची. पहिले तीस दिवस सरळ गेले. माणसं सहा, हवा स्वच्छ, विशेष काही नाही. माणसं सात, हवा स्वच्छ, विशेष काही नाही. एकतिसाव्या दिवशी मला माझीच कीव आली. म्हटलं, हे तर आंधळ्यालाही कळेल की एका बैठकीत लिहिलंय! मग मी काय केलं... आता सांगायला लाज वाटते, पण तेव्हा मला स्वतःबद्दल केवढं कौतुक वाटलं होतं म्हणून सांगू! तीन पेनं घेतली. दोन पानांवर चहाच्या कपाचं गोल उमटवलं. अडतिसाव्या दिवशी वाळूच्या गाडीचं चाक रुतवलं. आणि सत्तेचाळिसाव्या दिवशी, हात अगदी सैल सुटलेला, एका बिगाऱ्याच्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर वीट टाकली.

बरं, टाकली तर टाकली, तिथे थांबावं की नाही? पण मला त्याची काळजी वाटायला लागली. पाच दिवस मी त्याला घरी ठेवला. त्रेपन्नाव्या दिवशी लंगडत कामावर आणला, हलकं काम दिलं. एकोणसाठाव्या दिवशी त्याने गवंड्याशी अबोला धरला. घरात तोंड न उघडणारी मी, तिकडे चार ओळींच्या ‘विशेष’ रकान्यात नुसती भडाभडा बोलत होते. कोण वाचतंय?

वाचलं ना! दवाखान्याच्या कामांवर नव्याने बदलून आलेल्या अभियंता बाईंनी. एकशे बाराच्या एकशे बारा पानं. वर सासऱ्यांना निरोप, गुरुवारी पाहणीला येते, त्या जखमी मजुराला हजर ठेवा, अपघाताचा सात पानी अहवाल तुम्ही का दिला नाहीत ते विचारायचंय.

घरात असा सन्नाटा की कुकरची शिट्टीसुद्धा दबकत झाली. शेवटी ठरलं की आमच्या ह्यांनीच मजूर व्हायचं. जुना शर्ट, चुरगळलेली पँट, डोक्याला पंचा. मऊ तळहात लपवायला हातात घमेलं. मी डब्याची पिशवी धरून मागे उभी, नेहमीसारखी गप्प. बाई आल्या, रोजनिशी काखेत. म्हणाल्या, कोण तो? सासऱ्यांनी बोट दाखवलं. आणि आमचे हे निघाले लंगडत, इतकं मनापासून की मलाही वाईट वाटलं. फक्त उजव्या पायाने.

“डावा,” मी म्हणाले.

आता सांगा, माझं मला कळलं का? लिहिणारी मीच ना, चूक दिसली की जीभ चालली! दीड महिन्यात सासऱ्यांनी माझा एवढा मोठा आवाज ऐकला नव्हता. हे जागच्या जागी पाय बदलायला लागले. बाई माझ्याकडे वळल्या. अक्षर तुमचं? म्हटलं, हो. आणि हा कोण? सासरे घसा खाकरत होते, मला कळत होतं त्यांना मी काय म्हणायला हवंय... नाही जमलं हो.

“हे माझे मिस्टर आहेत,” मी म्हणाले. “असा मजूर नाही. अपघात झाला नाही. ते सगळं मी घरी बसून लिहिलं.”

बाईंनी रोजनिशी मिटली. म्हणाल्या, “गवंड्याशी अबोला सुटला की नाही, ते लिहायला विसरलात.” आणि मग शांतपणे नियम सांगितला. खरी रोजनिशी नसेल तर भिंतीनेच साक्ष द्यायची. अकरा ठिकाणी फोडायची, आतलं काम त्या बघणार, मग पंधरा दिवसांत पुन्हा बांधायची, आणि ह्या वेळी रोजनिशी रोज, जागेवर बसून. “लिहिणार ह्याच.”

येताना सासरे गाडीत एवढंच म्हणाले, “सव्वीस वर्षांत वाचणारी एक भेटली, सूनबाई, ती तुझ्याच वाट्याला.”

तेव्हापासून उपड्या डब्यावर बसून मी भिंत बघत होते. भिंतीत बघण्यासारखं पुष्कळ असतं, ते वेगळं सांगेन. माणसं अपुरी, म्हणून आमचे हेही विटा वाहायला लागले. नवव्या दिवशी घमेलं कललं आणि वीट बरोबर पायावर. हे एका पायावर नाचतायत, डोळ्यांत पाणी, आणि तशातही मला म्हणतात, “लिहू नकोस गं, कोण वा...” मध्येच थांबले. मी पान उघडलं. माणसं पाच, हवा स्वच्छ, अंगठ्याला इजा, पाय उजवा. सात पानी अहवालही भरला.

महिना संपायला दोन दिवस असताना बाई आल्या. विटा पक्क्या, माल चोख, सासऱ्यांची छाती पुन्हा वर. बाईंनी दाखला पुढे ओढला, पेन उघडलं, आणि आधी रोजनिशी चाळली. नवव्या पानावर थांबल्या. ह्यांच्या अंगठ्याच्या पट्टीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“साक्षीदार कोण?”

“मी,” मी म्हणाले.

“तुम्ही सोडून,” बाई म्हणाल्या.