गच्चीत भरलेलं पाणी

मुकुंदवाडीच्या आमच्या नव्या घराच्या गच्चीवर बाहेरच्या जिन्यानं जाऊन पाऊल टाकलं, तर ते घोट्यापर्यंत पाण्यात! पाऊस तर आठवडाभर नव्हता. बघते तर पाणी जायच्या पाइपांत कुणीतरी गोणपाट कोंबलेलं. जुन्या घराची गच्ची अशीच तुंबून झिरपली होती, सगळं वायरिंग जळालं, आणि विम्याचा माणूस म्हणाला होता, "गळती यात बसत नाय, ताई." तेव्हापासून बाबांचं एकच, "आता असं घर बांधू, की विमेवाल्याचं तोंड बघायला नको."

आमचे मिस्त्री सलीमचाचा. त्यांना फोन लावला, उचलेनात. नऊ वेळा लावला. शेवटी मीच गोणपाट उपसलं, खराटा घेतला आणि तासाभरात गच्ची कोरडीठाक केली. स्वतःवरच लई खूश झाले.

दहाव्यांदा चाचांनी उचलला.

"बोल बेटा, जुम्म्याच्या नमाजला होतो. सुन, गच्ची गळती का बघायला पाणी भरून ठेवलंय. आज तिसरा दिवस, खाली एक थेंब नाय! उद्या तुझ्या बाबांना ते पाणी दाखवूनच चावी देणार. तोवर कुणाला हात लावू देऊ नको."