दाराआडचं निरीक्षण

(१९७१. जळगावात पिंप्राळ्यातलं एक घर. स्वयंपाकघरात म्हाताऱ्या चंदनबाई, घरच्यांच्या 'बाई', ताट वाढून बसल्या आहेत; त्यांचे यजमान 'भाऊ' आता हयात नाहीत. बाहेर दाराआड त्यांचा मुलगा निर्मलकुमार, धुळ्याच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवणारा, आणि सून कुसुमलता. दिवस कलला आहे.)

कुसुमलता : आजही इथेच उभे राहणार तुम्ही?

निर्मलकुमार : हळू बोल. कुणी बघतंय हे बाईला कळलं, तर ती वेगळं वागेल. निरीक्षणाचा पहिला नियमच तो.

कुसुमलता : नियम वर्गातल्या पोरांना सांगा. आपल्या जैनांचा नेम, दिवस मावळला की त्या तोंडात घास घालत नाहीत. आजही उपाशीच निजतील. हात बघा त्यांचे, नुसत्या काड्या झाल्यात.

निर्मलकुमार : म्हणून तर रजा काढली ना? रोज धुळ्याच्या एस.टी.ने जीव आंबून गेलाय, तरी उभा आहे.

कुसुमलता : मग काय दिसलं उभं राहून?

निर्मलकुमार : भाऊ गेले तेव्हापासून ती ताट वाढते आणि वाट बघत बसते. यावर दोन मतं निघतात. एक, सवय. घंटा वाजली की कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं, तसा संध्याकाळ झाली की हिचा हात ताटाकडे जातो. दुसरं, अबोध मन. नवरा गेला हे ते मन मानतच नाही.

कुसुमलता : आईला कुत्र्याच्या रांगेत बसवलंत, असू दे. भांडायचंही त्राण नाही माझ्यात. काल भाऊंचा पाट तुम्हीच उचललात ना?

निर्मलकुमार : प्रयोग होता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पाट नसला तर ताट वाढायचं थांबतं का, बघायचं होतं.

कुसुमलता : थांबलं?

निर्मलकुमार : नाही. तिने आपला पाट तिथे सरकवला आणि स्वतः फरशीवर बसली.

कुसुमलता : आणि ताटात काय होतं?

निर्मलकुमार : काय असणार? जेवण.

कुसुमलता : दह्याची वाटी होती. भाऊ कधी दह्याला शिवले होते का?

निर्मलकुमार : नाही... दही मला लागतं.

कुसुमलता : आज त्यांचं डोकं विंचरताना मी सरळ विचारलं. बाई, हे ताट कुणाचं?

निर्मलकुमार : अगं, असं थेट विचारून...

कुसुमलता : म्हणाल्या, 'निर्मलचं. घरचा कर्ता जेवल्यावर मी जेवायचं, ही माझी रीत. ते होते तेव्हा दुकान बंद करून उजेडात यायचे. हा अंधारात येतो. आता रजेवर आहे म्हणतात, पण पानावर येऊन बसत नाही.'

निर्मलकुमार : मला का नाही बोलली?

कुसुमलता : तुम्ही समोर होतात कधी? त्या हाक मारतात आणि तुम्ही पाय न वाजवता मागे सरकता.

निर्मलकुमार : सोमवारपासून पुन्हा धुळं आहे. तेव्हा काय करायचं?

कुसुमलता : माझ्यासाठी थांबू नकोस, असं तोंडाने सांगा त्यांना. ऐकतील, न ऐकतील. मला पुढचं काही सुचत नाही हो. आज तरी आत जा.

निर्मलकुमार : लाज वाटते गं.

कुसुमलता : वाटू द्या. भिंतीवरचं ऊन बघा कुठं गेलं ते.

निर्मलकुमार : बाई...

चंदनबाई : आलास? हात धुऊन ये. दिवस आहे अजून.