प्रार्थना करून सांगते

दातांच्या डॉक्टरकडे मी ठणकणारी दाढ धरून बसलो होतो आणि शेजारच्या मावशी-भाचीची तोंडं काही बंद होईनात. दोघींच्या मांडीवर चर्चच्या लायब्ररीतल्या कादंबऱ्या.

“मावशी, तुझा खुनी सापडला?”

“कसला सापडतोय! इन्स्पेक्टर पाठलाग सोडून बायबलच वाचत बसलाय. तुझ्या हिरोइनीचं जमलं?”

“त्यानं मागणी घातली. ती म्हणाली, प्रार्थना करून सांगते.”

“मग?”

“चार प्रकरणं झाली, अजून प्रार्थनाच चाललीय.”

“देवसुद्धा जांभया देत असेल! आवडतो ना तिला?”

“खूप. पण हो म्हणायची भीती वाटते गं... मीपण तेच सांगून बसलेय.”

“कुणाला?”

“आपल्या चर्चमधल्या ऑर्गनवाल्याला.”

“अगं बये! म्हणून तो दर रविवारी सूर चुकवतोय होय?”

“आता काय करू?”

“आमेन म्हण आणि फोन लाव.”